भाव चढलेत, तरी जुनी पोर्शे आता घ्यावी का?

प्रश्न : पुण्यातले एक वाचक, वय ४२. गेली तीन वर्षं ते जुनी पोर्शे केमन शोधताहेत, २०१२ नंतरची '९८१' पिढीतली. तीन वर्षांपूर्वी अशा गाडीला ४८ लाख सांगत होते, आज ६२ लाख सांगतात. सध्या समोर असलेली गाडी २०१४ ची आहे : दिल्ली पासिंग, दुसरा मालक, ३१,००० किलोमीटर, पीडीके गिअरबॉक्स (दोन क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा). डीलर म्हणतो, "महिनाभरात जाईल ही. भाव अजून चढणार आहेत, गुंतवणूक समजूनच घ्या." पत्नीचं मत असं की युरोपशी व्यापार करार झालाय, भाव उतरतील, थांबावं. हाताशी ४५ लाख आहेत, उरलेले १७ लाख कर्जाने उभे करायचे. ते विचारतात : आता घेऊ, की थांबू?

उत्तर : तुमची सगळी घालमेल ४८ आणि ६२ या दोन आकड्यांमधल्या १४ लाखांची आहे. पण हे दोन्ही आकडे सांगितलेल्या भावाचे आहेत. त्या भावाला गाडी खरंच विकली गेली का, हे कोणीच तुम्हाला सांगितलेलं नाही. अशा गाड्यांच्या मालकाला सहसा पैशांची निकड नसते, त्यामुळे चढ्या भावाची जाहिरात महिनोन्महिने तशीच राहते. रास्त भावाची गाडी मात्र ओळखीपाळखीतच जाते, जाहिरातीपर्यंत पोचतच नाही. म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर सतत राहतात त्या न विकल्या गेलेल्या महाग गाड्या, आणि त्यांच्यावरून आपण बाजार ठरवतो. पुढचे सहा आठवडे एका वहीत नोंद ठेवा : गाडीचं साल, इंजिन २.७ लिटरचं की 'एस' आवृत्तीचं ३.४ लिटरचं, किलोमीटर, कितवा मालक, कुठलं पासिंग, सांगितलेला भाव, जाहिरात कधी दिसली आणि भाव कधी उतरवला. बॉक्सस्टरही त्यात धरा, कारण यंत्र म्हणून ती हीच गाडी आहे, फक्त छत कापडी. दहा-बारा गाड्यांची नोंद झाली की ६२ हा भाव आहे की नुसती अपेक्षा, ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

डीलरचं निम्मं म्हणणं बरोबर आहे, तेही नीट समजून घ्या. भारतात जुनी गाडी बाहेरून आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, आणि शुल्क नव्या गाडीपेक्षाही जास्त. त्यामुळे ९८१ पिढीच्या जेवढ्या गाड्या २०१६ पर्यंत इथे आल्या, तेवढ्याच राहणार. अपघातात गेल्या की आणखी कमी होणार. तिच्यानंतर आलेल्या ७१८ मध्ये सुरुवातीला चार सिलिंडरचं टर्बो इंजिन आलं. सहा सिलिंडरच्या, टर्बो नसलेल्या इंजिनाचा आवाज आणि ओढ ज्यांना हवी होती ते मागे वळून ९८१ कडेच आले. पेट्रोलवरच्या ७१८ चं उत्पादनही ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबलं. गाड्या मोजक्या आणि मागणारे वाढलेले, हे खरं आहे.

पण पुरवठा मर्यादित असणं आणि तुम्हाला नफा होणं यांचा थेट संबंध नाही. समजा, आज ६२ ला घेतलेली गाडी तीन वर्षांनी ६२ लाच विकली. १७ लाखांचं कर्ज १४ टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ४६,४५० रुपये येतो आणि पहिल्या तीन वर्षांत सुमारे ४ लाख ९० हजार व्याज जातं. उरलेले ४५ लाख साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत असते तर वर्षाला २ लाख ९२ हजार मिळाले असते. ३० टक्के कर वजा जाता २ लाख धरा, तीन वर्षांचे ६ लाख. विमा, सर्व्हिस, टायर, पासिंग बदलण्याचा कर यातलं काहीही न धरता जवळपास ११ लाख गेले. 'भाव टिकला' असं आपण ज्याला म्हणतो तो हा असा असतो. ही गाडी हौसेची आहे, आणि हौसेवर पैसे खर्च करण्यात गैर काहीच नाही. मात्र तो खर्च आहे असं मान्य करूनच करा. गुंतवणूक म्हटलं की माणूस सहज पाच-सात लाख जास्त मोजतो, कारण ते परत येणार असं त्याने मनात धरलेलं असतं.

आता पत्नीच्या मुद्द्याकडे. भारत-युरोपीय संघ करारावरच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचं २७ जानेवारी २०२६ रोजी जाहीर झालं. युरोपातून येणाऱ्या गाड्यांवरचं ११० टक्क्यांपर्यंतचं शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणायचं आणि तेही वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या मर्यादेत, असं त्यात ठरलं आहे. जाहीर झालं म्हणजे दुसऱ्या दिवशी लागू झालं असं नसतं. मंजुरी आणि मग टप्पे, अशी ती वाट आहे. त्याआधी २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी ४० टक्के झाला. पूर्वी सेस धरून तो पन्नासच्या आसपास जायचा. अशा बदलांचा परिणाम आधी नव्या गाड्यांवर होतो, मग दोन-चार वर्षं वापरलेल्या गाड्यांवर. जिची नवी आवृत्ती शोरूममध्ये मिळतच नाही अशा बारा वर्षं जुन्या गाडीपर्यंत तो सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी पोचतो. भाव थोडे नरम होतील हे शक्य आहे, पण १४ लाख उतरायची वाट बघत बसलात तर घोंगडं भिजतच राहील.

मग थांबण्याची किंमत किती? वर्षभर थांबलात आणि गाडी तेवढ्यात ५ टक्क्यांनी चढली, तर तुमचे ३ लाख जास्त गेले. त्याच वर्षात ४५ लाखांवर करपूर्व २ लाख ९२ हजार व्याज आलं. कर भरूनही फरक लाखभराचाच राहतो. ६० लाखांच्या व्यवहारात लाखभर इकडे-तिकडे म्हणजे थांबणं जवळपास फुकट आहे. त्याउलट चुकीची गाडी घेतलीत तर एका गिअरबॉक्सच्या कामात कित्येक लाख जातील. म्हणून बाजार कधी उतरेल यापेक्षा ही गाडी कशी आहे यावर जास्त वेळ घालवा, असं मी आग्रहाने सांगते.

या गाडीतली पहिली अडचण दिल्लीचं पासिंग. तिकडे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर २०१५ पासून निर्बंधांचं सावट आहे, म्हणून २०१४ ची गाडी तिथे स्वस्तात निघते आणि इकडे येते. स्वस्ताईचा तो फायदा डीलरने स्वतःकडे ठेवला आहे की तुम्हाला दिला आहे, हे विचारा. महाराष्ट्रात गाडी कायमची आणली की इथला रोड टॅक्स भरावा लागतो, आणि आयात गाडीला तो २० टक्के आहे. हा कर तुम्ही मोजलेल्या किमतीवर लागत नाही. मूळ किंमत धरून, गाडीच्या वयाप्रमाणे कमी होत जाणाऱ्या टक्क्याने तो लागतो. मूळ इन्व्हॉइस समजा ८० लाखांचं असेल तर २० टक्क्यांचे १६ लाख होतात. वयानुसार त्यातले किती भरायचे ते पुणे आरटीओत इन्व्हॉइस आणि आरसीची प्रत दाखवून लेखी काढून घ्या. हा आकडा हातात आल्याशिवाय भावाची बोलणीच सुरू करू नका, कारण '६२ लाख' ही तुमच्यासाठी गाडीची किंमत नाहीच. ६२ अधिक हा कर, ही किंमत आहे. दिल्लीत भरलेल्या करातला उरलेला भाग परत मागता येतो, पण ते पैसे वेळेवर आणि तुमच्याच हाती येतील असं धरून हिशेब मांडू नका. 'कशाला बदलता, दिल्लीच्याच नंबरवर चालवा' असा सल्लाही कोणी देईल. बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी इथे राहणार असेल तर नोंदणी बदलावीच लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेंगळुरूच्या आरटीओने बाहेरच्या पासिंगच्या तीस महागड्या गाड्या करासाठी जप्त केल्या, त्यात पोर्शेही होत्या.

कागद मागताना मूळ डीलरचं इन्व्हॉइस, दिल्ली आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, मालकी बदलण्याचे सह्या केलेले फॉर्म २९ आणि ३०, आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं पत्र व फॉर्म ३५ मागा. परिवहनच्या पोर्टलवर थकलेली चलनं, मालकाचा क्रमांक आणि विम्याची मुदत स्वतः पाहा. किंमत १० लाखांवर असल्याने डीलर १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा प्राप्तिकर) घेईल. ते पैसे तुमच्या प्राप्तिकरात वळते होतात, म्हणून त्याची पावती जपा.

दुसरी अडचण विमा आणि कर्ज. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. तुम्ही ६२ लाख मोजलेत आणि कंपनीने ३५ लाखांची आयडीव्ही दिली, तर गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली की २७ लाख तुमचे गेले. इतक्या जुन्या गाडीला झिरो डेप्रिसिएशनही (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई) सहसा मिळत नाही. त्यामुळे गाडीचा सौदा करण्याआधी विम्याचं कोटेशन घ्या. कंपनी ज्या आकड्यापलीकडे जायला तयार नाही, त्याच्या फार वर आपण का जातोय, हा प्रश्न त्या वेळी स्वतःला विचारा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. पण तुमची सध्याची गाडी विकणार असाल तर तिचा बोनस या गाडीवर आणता येतो. कर्जाचं म्हणाल तर हप्ते संपताना गाडीचं वय साधारण दहा वर्षांच्या आत असावं अशी बहुतेक बँकांची अट असते. २०१४ ची गाडी त्यात बसणार नाही, म्हणजे वैयक्तिक कर्ज, चढं व्याज. मला विचाराल तर या गाडीसाठी कर्ज काढूच नका. ४५ लाखांतले ६ लाख पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा आणि कर, विमा धरून उरलेल्या ३९ लाखांत काय बसतं ते बघा. न बसल्यास तुमची वेळ अजून आलेली नाही, मग बाजार चढा असो की उतरता.

आता मुख्य गोष्ट. ३१,००० किलोमीटर ऐकून तुम्ही सुखावला आहात, पण बारा वर्षांत ३१,००० म्हणजे वर्षाला अडीच हजार. ही गाडी चाललेली कमी आणि उभी जास्त. किलोमीटर कमी म्हणून सर्व्हिस टाळलेली असण्याचा संभव इथे सर्वांत जास्त. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, स्पार्क प्लग चार वर्षांनी, पीडीकेच्या क्लचचं ऑइल साधारण सहा वर्षांनी बदलायचं असतं. यात वर्षांची मुदत किलोमीटरच्या आधी संपते. सर्व्हिसच्या नोंदींत किलोमीटर पाहू नका, तारखा पाहा. दोन नोंदींमध्ये तीन वर्षांची पोकळी असेल तर त्या काळात गाडी कुठे होती, हे विचारा. टायरवर चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाच कितीही खोल दिसली तरी सहा वर्षांवरचा टायर या वेगाच्या गाडीला चालत नाही, चारही बदलायचे धरून तेवढे भावातून वजा करा.

तपासणी डीलरच्या आवारात होणार नाही. या गाडीचं इंजिन सीटच्या मागे, मध्यभागी असतं आणि बॉनेट उघडून ते दिसत नाही. मागच्या बाजूला फक्त ऑइल आणि कूलंट ओतायची तोंडं आहेत, ऑइल बघायची काडीसुद्धा नाही. त्यामुळे गाडी लिफ्टवर चढवून खालचे पत्रे काढल्याशिवाय इंजिन पाहिलं असं म्हणताच येत नाही. पोर्शेचं अधिकृत वर्कशॉप किंवा पोर्शेचा डायग्नोस्टिक संच असलेलं स्वतंत्र गॅरेज गाठा आणि अर्ध्या दिवसाचं काम म्हणून पैसे मोजून करून घ्या. त्यांना काय बघायला सांगायचं, ते सांगते.

वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटभोवती वाळलेल्या कूलंटचे पांढरट-गुलाबी डाग. कूलंट वळवणारे व्हॅक्यूमवर चालणारे व्हॉल्व्ह. ते फाटले तर कूलंट व्हॅक्यूमच्या नळ्यांत शिरतं आणि मग काम वाढत जातं. इग्निशन कॉइलना गेलेले तडे, विशेषतः पावसात इंजिन अडखळत असेल तर. पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांतले रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर : तिथे पाला, माती साचते, ओल राहते आणि जाळी कुजते. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर घासलेले खालचे पत्रे आणि पुढच्या सस्पेन्शनची बुशं. पीडीकेच्या आतला अंतर मोजणारा सेन्सर बिघडला की गिअर हुकतात किंवा गाडी मधेच न्यूट्रलला जाते. म्हणून चाचणी थंड गाडीवर सुरू करा, चाळीस मिनिटं चालवा, आणि गरम झाल्यावर चढावर, रिव्हर्समध्ये, वाहतुकीत रांगतानाही पाहा.

डायग्नोस्टिकमधून एक आकडा हमखास मागा : इंजिन एकूण किती तास चाललं. किलोमीटरना तासांनी भागा. ३१,००० ला १,२०० तास असतील तर सरासरी ताशी २६ किलोमीटर, दिल्लीच्या गर्दीत हे पटतं. तास २,४०० निघाले तर सरासरी १३ येते, आणि मग मीटर मागे फिरवलाय का हे शोधावंच लागेल. (हाताने गिअर टाकायची गाडी पाहत असाल तर ओव्हर-रेव्हची, म्हणजे इंजिन मर्यादेपलीकडे फिरवल्याची, नोंदही काढून घ्या, वरच्या चौथ्या ते सहाव्या टप्प्यात अलीकडच्या नोंदी असतील तर ती गाडी सोडा.)

रंगाची जाडी मोजायचं यंत्र वापरणारा माणूस बरोबर न्या. या गाडीचे दरवाजे आणि बॉनेट ॲल्युमिनियमचे आहेत, लोहचुंबक लावून काही कळणार नाही. यंत्रही ॲल्युमिनियमवर चालणारं हवं. साधारण १०० ते १५० मायक्रॉन हे मूळ रंगाचं मोजमाप. २५० च्या वर गेलं तर पुन्हा रंगवलेली, ४०० च्या वर गेलं तर खाली पुट्टी आहे. गाडी दिल्लीची असल्याने पुराचीही शंका घ्या : जुलै २०२३ मध्ये यमुना २०८.६६ मीटरवर गेली होती. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून मातीची रेघ आहे का पाहा, गालिचा उचलून सीटखालचे कनेक्टर हिरवे पडलेत का पाहा. बॉक्सस्टर बघत असाल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण छताच्या पाण्याच्या वाटा तुंबल्या की ते पाणी आत उतरतं.

पेट्रोलचंही सांगून ठेवते. या पिढीच्या मालक-पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलची परवानगी आहे आणि आपल्या पंपावर आता सर्रास २० टक्क्यांचं मिळतं. महिनोन्महिने टाकीत तेच पेट्रोल ठेवून उभी राहिलेली गाडी असेल तर इंधनाच्या नळ्या आणि पंप तपासायला सांगा.

एवढं सगळं झाल्यावर 'केव्हा' या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. नवरात्राआधीचा पितृपंधरवडा हा आपल्याकडे गाड्यांच्या बाजारातला सर्वांत थंड काळ. त्या आधीच्या पावसाळ्यातही स्पोर्ट्स कारकडे कोणी फिरकत नाही. डीलरचे पैसे अडकलेले असतात आणि दसऱ्याला गिऱ्हाईक येईल या आशेवर तो बसलेला असतो. त्या वेळी पूर्ण रक्कम तयार ठेवून, तपासणीचा अहवाल हातात घेऊन गेलात तर बोलणी तुमच्या बाजूने होतात. शिवाय पावसात गाडी पाहिली की गळती आपोआप कळते. दुसरी संधी डिसेंबरची, कारण १ जानेवारीला गाडी कागदावर एक वर्षाने म्हातारी होते आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असतं. दसरा-दिवाळीत आणि पाडव्याच्या आठवड्यात मात्र सौदा करू नका. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, आणि मुहूर्त गाठायचा असलेला माणूस डीलरला दुरूनच ओळखू येतो.

केमनचाच हट्ट नसेल तर ९८१ बॉक्सस्टर पाहा. आपल्या उन्हा-धुळीमुळे कापडी छताला लोक बिचकतात आणि बोलणी करायला जागा राहते. आधीच्या पिढीतली, २००९ नंतरची गाडीही बजेटमध्ये बसू शकते. तिच्यातलं इंजिन नव्या रचनेचं आहे आणि २००५ ते २००८ च्या इंजिनांत मधल्या शाफ्टच्या बेअरिंगचा जो घात होतो तो त्यात नाही. २००८ पर्यंतची मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी नको. आणि २०१० च्या आसपासची घेताना १५ वर्षांनंतरचं नोंदणी नूतनीकरण, आयात गाडीसाठीची ४०,००० रुपयांची फी, फिटनेस आणि पर्यावरण कर हिशेबात धरा.

समोरच्या गाडीचं असं करा. या आठवड्यात डीलरला तीन गोष्टी मागा : मूळ इन्व्हॉइसची प्रत, तारखांसह सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी आणि तुमच्या पसंतीच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर तपासणी. तिन्हींना हो म्हणाला तर २५,००० ते ५०,००० च्या वर टोकन देऊ नका, आणि तपासणीत दोष निघाल्यास किंवा एनओसी ४५ दिवसांत न आल्यास टोकन परत, हे कागदावर लिहून घ्या. पैसे फक्त बँकेतून, आणि शेवटचे १० टक्के एनओसी हातात पडल्यावर. तिन्हींपैकी एकालाही नाही म्हणाला, तर त्याने दिलेली महिन्याची मुदत त्याच्याकडेच राहू द्या.